गप्पींबरोबर काय ठेवू नये

"मला असे दोन मासे द्या, ज्यांचं एकमेकांशी अजिबात पटत नाही."

मुकादमचाचांनी हातातली जाळी खाली ठेवली आणि चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. रत्नागिरीतलं त्यांचं दुकान अर्धं सायकल दुरुस्तीचं होतं आणि अर्धं माशांचं. एका बाजूला पंक्चर बघायची घमेली, दुसऱ्या बाजूला काचेच्या टाक्या. दोन्हीकडचं पाणी वेगळं ठेवायला ते फार जपायचे.

"ताई, पंधरा वर्षं झाली दुकानाला. लोक विचारतात, कोण कुणाबरोबर राहील. तुम्ही हे काय विचारताय?"

"गंमत म्हणून."

"माशांची गंमत नाय करायची." ते सरळ फळ्याकडे वळले. भिंतीवर काळा रंग मारून त्यांनी खडूनं एक यादी लिहिलेली असायची, आणि मासे घेण्याआधी ती वाचलीच पाहिजे असा त्यांचा नियम होता. गोल्डफिश, पुढे लिहिलेलं : मोठी टाकी, आपल्याच जातीत. गप्पी, पुढे : मॉली, प्लॅटी चालतील. एंजल, पुढे : मोठा झाला की लहानांना खातो. मुलीचं स्थळ बघताना करत नाहीत इतकी चौकशी ते गिऱ्हाइकाची करायचे. टाकी केवढी, पाणी कुठलं, घरात आधी कोण आहे. उत्तर पटलं नाही तर मासा देत नसत, मग समोरचा कितीही मोठा माणूस असो.

मी जरा विचार केला आणि प्रश्न उलटा केला.

"बरं, मग असं सांगा. माझ्याकडे गप्पी आहेत. त्यांच्याबरोबर काय ठेवू नये? चुकून आणायला नको."

आता चाचा खूश झाले. "हे बरोबर विचारलंत. फायटर अजिबात नको. गप्पीच्या नराची शेपूट असते झुलती, रंगीत. फायटरला वाटतं हा दुसरा फायटरच आला. शेपटीचे धागे करून टाकतो."

"मग एक फायटर द्या."

"आता मी काय सांगितलं?"

"वेगळ्या बरणीत ठेवीन. एकटा."

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मी चार महिने त्यांच्याकडे येत होते, पाणी कसं बदलायचं ते त्यांनीच मला शिकवलं होतं, आणि एवढ्या काळात मी त्यांना एकदाही खोटं सांगितलं नव्हतं. त्या पुण्याईवर त्यांनी विश्वास ठेवला. निळा, शाईसारखा एक फायटर प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्यांनी माझ्या हातात दिला. तो बुधवार होता. रविवारी माझा भाऊ मला कोल्हापूरला न्यायला येणार होता, आणि त्याच्या आत आमच्या टाकीतला एक तरी मासा मरायला हवा होता.

हे ऐकून कुणालाही वाटेल, बाईचं डोकं फिरलं होतं. तसं नव्हतं. माझं डोकं इतकं थंड आयुष्यात पुन्हा कधी चाललं नाही.

टाकी आली गणपतीत. माझी नणंद शकू डोंबिवलीहून एसटीनं मांडीवर घेऊन आली, दीड फुटाची. तिच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी वास्तूचं बघणारा होता. त्यानं सांगितलं होतं की घरातला कर्ता पुरुष लांब असेल तर ईशान्येला मासे ठेवावेत, आठ लाल आणि एक काळा. घरावर येणारं संकट मासा आपल्या अंगावर घेतो आणि मरतो. कर्ता पुरुष म्हणजे माझा नवरा, दिगंबर मयेकर. मालवाहू बोटीवर इंजिनात कामाला. लग्नाला अडीच वर्षं झाली होती आणि त्यातले सगळे मिळून सात महिने तो घरात होता. बाकीचा वेळ घरात मी आणि सासूबाई, आणि मागच्या अंगाला समुद्राचा आवाज, जो मला घाटावरच्या मुलीला शेवटपर्यंत सवयीचा झाला नाही.

आळीत आमच्या टाकीची फार चेष्टा झाली. मासे खाणारी माणसं ती, पाळायची कल्पनाच त्यांना नवी. शेजारचे सावंत रोज कुंपणावरून विचारायचे, "काय द्वारकाकाकी, कालवणाला कधी बोलावताय?" सासूबाई तोंडावर पदर घेऊन हसायच्या. पण शकूनं सांगितलेली गोष्ट त्यांच्या मनात जाऊन बसली होती. रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या टाकीपुढे बसायच्या आणि नऊ मोजायच्या.

आठव्या दिवशी आठच भरले. काळा उताणा तरंगत होता. मी घाबरले, वाटलं आता अपशकुन म्हणून घर डोक्यावर घेतील. त्या विळीवर बांगडे साफ करत होत्या. तशाच हात धुऊन आल्या, टाकीला हात जोडले आणि डोळे मिटून म्हणाल्या, "गेला बिचारा. माज्या दिगाचं घेऊन गेला." मग तो मासा केळीच्या पानात घेऊन समुद्राला देऊन आल्या आणि पुन्हा बांगडे साफ करायला बसल्या.

चार दिवसांनी सावंतांकडे फोन आला. दिगंबरचा. वाटेत मोठं वादळ लागलं होतं, बोट दोन दिवस नुसती आपटत होती, पण वाचलो, म्हणाला. सासूबाईंनी दिवस मोजले. वादळ आणि काळा मासा, बरोबर एकच दिवस. झालं. त्या दिवसापासून त्यांना कुणी काही समजावू शकलं नसतं, आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं, असेलही काही. पुढच्या महिनाभरात आणखी चार मेले. प्रत्येक मरणानंतर त्या दोन घास जास्त जेवायच्या.

नवे गोल्डफिश आणायला म्हणून मी मुकादमचाचांकडे पहिल्यांदा गेले. टाकीचं माप ऐकून ते कपाळाला हात लावून खाली बसले.

"दीड फुटात नऊ गोल्डफिश? ताई, ती टाकी हाय का गौरीगणपतीची एसटी? मरतील नाय तर काय करतील? स्वतःच्याच घाणीत गुदमरतायत ते."

मी शरमले. संकट वगैरे काही नव्हतं. आम्हीच त्यांना मारत होतो आणि वर हात जोडत होतो. उरलेले चार गोल्डफिश चाचांनी स्वतःच्या मागच्या हौदात घेतले आणि मला टाकीजोगे मासे निवडून दिले. सहा गप्पी, दोन नर, चार माद्या. "नर कमी ठेवायचे, नाय तर माद्यांना जगू देत नाहीत." तळाशी राहायला मिशांचे दोन, शिंगाळ्याच्या पोरांसारखे दिसणारे. "हे खाली, ते वर. कुणी कुणाच्या वाटेत येत नाय. शेजारी असावेत तर असे."

सासूबाईंना मी सांगितलं, गोल्डफिश आजारी होते, बदलून आणले. मासे ते मासे, त्यांनी कुरकुर केली नाही. मी मात्र त्या टाकीत अडकत गेले. आदल्या दिवशी बादलीत पाणी भरून ठेवायचं, आठवड्याला तिसरा हिस्सा बदलायचा, चिमटीएवढंच खाणं घालायचं. त्या घरात माझं म्हणावं असं ते पहिलं काम होतं. स्वयंपाक सासूबाईंचा, अंगण सासूबाईंचं, नवरा समुद्राचा. टाकी माझी. दुपारी त्या लवंडल्या की मी स्टूल घेऊन काचेसमोर बसायचे आणि माशांशी बोलायचे. हसायचं असेल तर हसा. दिवसभरात दुसरं कुणी माझ्याशी मी काय करते, मला काय वाटतं असलं बोलत नव्हतं. सासूबाई बोलायच्या, पण ते मिठाबद्दल, सरपणाबद्दल आणि दिगाबद्दल.

नर गप्पींतला एक केशरी शेपटीचा होता. मी काचेवर बोट टेकवलं की तो येऊन थांबायचा.

दिवाळीनंतर दिगंबरचा फोन आला नाही. नोव्हेंबर गेला, डिसेंबर अर्धा गेला. आणि माझी टाकी इतकी छान चालली होती की एकही मासा मरत नव्हता. उलट एक दिवस बघते तर शेवाळात टाचणीच्या टोकाएवढी वीसेक पिल्लं. मी आनंदानं सासूबाईंना हाक मारली. त्या आल्या, वाकून बघितलं, आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मरायचं सोडून वाढतायत गो हे."

"चांगलं आहे ना आई?"

"कसलं चांगलं? नुसते खातायत न् पवतायत. घरावरचं कोन घेनार मग?"

त्यानंतर त्यांचं जेवण कमी होत गेलं. आधी मासा सोडला, मग भात. जानेवारी उजाडला तेव्हा त्या नुसत्या पेजेवर आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, काही नाही, वय आहे. वय कसलं, साठीच्या आतबाहेर होत्या. सकाळी टाकीसमोर बसायच्या त्या दहा वाजेपर्यंत उठायच्या नाहीत. हाताची शीर अन् शीर दिसायला लागली होती.

आणि मला माहीत होतं की दिगंबर सुखरूप आहे.

डिसेंबरच्या मध्यात त्याचं पत्र आलं होतं, माझ्या नावानं. परदेशी तिकीट नव्हतं त्यावर, आपलंच होतं. अकरा ओळी. विशाखापट्टणमला बोट सोडली आहे. इथंच राहणार आहे. इथं एक बाई आहे आणि चार वर्षांचा मुलगा आहे. तू तरुण आहेस, माहेरी जा, मी आड येणार नाही. आईला कळवू नकोस, तिला सोसणार नाही. बोटीवरच आहे असं सांगत राहा. आणि खाली सही, दिगंबर मयेकर, आडनावासकट, पोचपावतीवर करतात तशी.

मुलगा चार वर्षांचा होता आणि आमच्या लग्नाला अडीच वर्षं झाली होती. मला रडू आलं नाही, राग आला, आणि रागापेक्षा जास्त एक विचित्र सुटल्यासारखं वाटलं. मी भावाला सगळं लिहिलं. त्याचं उलट टपाली उत्तर आलं, 'अठ्ठावीस तारखेला रविवारी येतो, सामान बांधून ठेव. तिथं काय मासे राखत बसणार आहेस?'

जायचं ठरलं. पण पेजेवर आलेली ती बाई मागे टाकून पाय निघेना. खरं सांगावं तर ती कोसळेल, न सांगावं तर मुलाच्या काळजीनं झिजेल. आणि मग मला सुचलं. एक मासा मेला की त्यांच्या जिवात जीव येणार. त्यात मी सांगायचं, कंपनीकडून निरोप आलाय, बोट सुखरूप आहे. त्या जेवतील. मी महिनाभर माहेरी जाते म्हणून निघेन, आणि पुढचं पुढे. नीट पाळलेल्या टाकीत मासा आपण होऊन मरत नाही, हे मुकादमचाचांनीच मला शिकवलं होतं. म्हणून मी फायटर आणला.

बुधवारी दुपारी सासूबाई लवंडल्यावर मी फायटर पिशवीतून टाकीत सोडला. आधी त्यानं कुणाकडे बघितलंही नाही. पंपाच्या मागे जाऊन उभा राहिला. मला वाटलं, चाचांचं चुकलं की काय. मग केशरी शेपटीचा त्याच्या समोरून गेला. नेहमीसारखा, ऐटीत. फायटरनं गालाचे पडदे फुगवले आणि पुढचं सगळं इतकं पटापट झालं की मला नीट दिसलंही नाही. केशरी कोपऱ्यात गेला, तिथून वर, तिथून तळाला. जाळी माझ्या हाताशी होती. एक हात घालायचा अवकाश, फायटर बाहेर काढता आला असता. मी हात मांडीवर ठेवून बसून राहिले. एकदा तो केशरी काचेशी आला, मी बोट टेकवायची तिथंच, आणि मी स्टूल मागे सरकवलं. इतकी लाज मला दुसऱ्या कशाची वाटली नाही, आजही वाटत नाही. मी टाकीवर टॉवेल टाकला आणि भांडी घासायला गेले.

गुरुवारी सकाळी सासूबाई कप घेऊन आल्या. मी चुलीपाशी उभी राहून त्यांच्या हात जोडण्याची वाट बघत होते. कंपनीच्या निरोपाचं वाक्य मनात घोळून घोळून पाठ झालं होतं.

हात जोडले गेले नाहीत. त्यांनी चहाची गाळणी मागितली. मी दिली. त्यांनी केशरी अलगद उचलला, तळहातावर घेतला, उजेडात नेला आणि बोटानं शेपूट पसरली. शेपूट उरलीच नव्हती, देठ होता नुसता.

"उजे, हिकडं ये."

गेले.

"मी जल्मभर मासा बघत्येय. शिळा कुठला, जाळ्यात मेलेला कुठला, दगडावर आपटलेला कुठला, हात लावल्याबरोबर सांगत्येय. हा आपला मेलेला नाय. ह्याला फाडलाय."

त्या टाकीत डोकावून बघत होत्या. पंपामागचा निळा त्यांना दिसला.

"हा कदी आला?"

"काल."

"ह्यो असा करतो, ठाव होतं तुला?"

खोटं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. मान तेवढी हलली.

त्यांनी केशरी बशीत ठेवला. हात पदराला पुसले. मग ज्या आवाजात त्या मला भाकरीचं पीठ किती मळायचं ते सांगायच्या, त्याच आवाजात म्हणाल्या, "दिगा येनार नाय, ते मला ठाव हाय."

मी खाली बसले.

"पत्र वाचलं मी. तुज्या ट्रंकेत, निळ्या पातळाच्या घडीत."

"पण आई, तुम्हाला वाचता..." दिगंबरची सगळी पत्रं त्या माझ्याकडूनच वाचून घ्यायच्या. अडीच वर्षं मी धरूनच चालले होते की त्यांना अक्षर येत नाही.

"दुसरीपातूर शाळेत गेल्येय मी. अक्षर लावून लावून येतं वाचता. तू वाचून दाखवायचीस ते ऐकायला बरं वाटायचं, म्हनून बोलली नाय. ह्ये पत्र वाचायला दोन दिस लागले. तू त्या मुकादमाकडं गेलीस की काढायची, आलीस की ठेवायची." मग म्हणाल्या, "विशाखापट्टणम लै अवघड लिवलंय."

मला हसू आलं आणि त्याबरोबरच रडू आलं. मी विचारलं, "मग तुम्ही जेवत का नव्हता? मला वाटलं, त्यांच्या काळजीनं."

"त्याची कसली काळजी? तो हाय, जेवतोय, पोर हाय त्याला." त्या टाकीकडे बघत होत्या, माझ्याकडे नाही. "मी सकाळची हितं बसून काय मागायची, ठाव हाय? म्हनायची, उजी जाऊ नये. पत्र आलंय म्हनजे ही जानार. आता एकच संकट हाय ह्या घरावर, ह्ये तेवढं घ्या रे कुनीतरी. एक मासा मेला असता तर मला वाटलं असतं, टळलं, ही ऱ्हातेय. रोज मोजायची. रोज समदे जित्ते."

चार महिने मी डोळ्यांत तेल घालून जे जगवत होते, ते मरावं म्हणून ती बाई पेजेवर राहिली होती. आणि का, तर मी राहावं म्हणून. आणि मी मारला तो तिला सोडून जाता यावं म्हणून. एका घरात, एका टाकीसमोर बसून आम्ही दोघी हे करत होतो, आणि दोघींनी एकमेकींना एक शब्द सांगितला नव्हता.

"आता मेला ना एक," मी कसंबसं म्हटलं.

"तू आनलेल्यानं मारलान. असला धरायचा नाय."

बाहेर सावंतांच्या घरचा रेडिओ चालू होता. सासूबाईंनी उठून फडताळातली लोणच्याची रिकामी बरणी काढली, धुतली, माझ्यापुढे ठेवली. "त्याला काढ त्यातनं. एकटा ठेव. त्याचा काय दोष, त्याची जातच तशी." मी फायटरला बरणीत घेतला. उरलेले गप्पी शेवाळातून हळूहळू बाहेर आले.

"आई, मी राहू?"

हे मी विचारलं, आणि मनापासून विचारलं असं मला तेव्हा वाटलं. त्यांनी बरणीचं पाणी वर धरून बघितलं.

"ऱ्हायचं असतं तर तू हा आनला नसतास. कदी जातेस?"

"रविवारी. दादा येणार आहे."

"त्याला काय आवडतं?"

त्या क्षणी त्यांनी नुसतं 'राहा' म्हटलं असतं तर मी राहिले असते. कितीतरी वर्षं मी मनाशी हे घोळवत आले. त्या म्हणाल्या नाहीत. मागायचं ते त्यांचं माशांकडे मागून झालं होतं, माझ्याकडे मागणं त्यांना जमणारं नव्हतं. आणि मीही पुन्हा विचारलं नाही, कारण दुसऱ्यांदा विचारलं तर त्या 'हो' म्हणतील अशी मला भीती वाटली.

त्या दिवशी दुपारी त्या माझ्याबरोबर भात जेवल्या. पोटभर नाही, पण जेवल्या.

पुढचं थोडक्यात सांगते. मी कोल्हापूरला शिवणाच्या शाळेत लागले, तिथंच निवृत्त झाले. दुसरं लग्न केलं नाही. भावानं दोन स्थळं आणली होती, दोन्ही वेळा मला मुकादमचाचांच्या त्या फळ्याची आठवण झाली आणि मी नको म्हटलं. सासूबाई नंतर नऊ वर्षं जगल्या, एकट्या, शेवटचं वर्ष तेवढं शकूकडे. शकूनं एकदा पत्रात लिहिलं होतं की मला कुणी आळीत बोल लावला तर त्या त्याच्या अंगावर जायच्या, म्हणायच्या, मीच धाडली तिला. मी त्यांना भेटायला गेले नाही. जायचं मनात यायचं, आणि कुठल्या नात्यानं जायचं इथं गाडी अडायची. आज मी साठीत आहे. संध्याकाळी दार लावून घेतलं की सकाळपर्यंत माझ्या तोंडून शब्द निघत नाही, तेव्हा त्या फार आठवतात.

रविवारी दादा सकाळच्या गाडीनं आला. सासूबाईंनी त्याला सुरमई तळून घातली, आग्रह करकरून वाढलं. दादा येताना भांडायच्या तयारीनं आला होता, बिचाऱ्याला काय करावं कळेना, तो नुसता जेवत राहिला. माझी ट्रंक अंगणात नेऊन त्यानं रिक्षा बोलावली. मी टाकीचं पाणी आदल्या दिवशीच बदललं होतं. खाणं किती घालायचं ते त्यांना चिमटीत धरून दाखवलं. दोनदा दाखवलं.

मग मी पाया पडले. त्यांनी कपाळाला कुंकू लावलं, ओटीत नारळ घातला. सगळं रीतीनं. सून चार दिवस माहेरी निघते तेव्हा करतात तसं, एकही गोष्ट चुकवली नाही. मी पायरी उतरले, चपला घातल्या, आणि तोंडातून सवयीनं निघालं,

"येते, आई."

त्या दारात उभ्या होत्या, चौकटीला हात धरून.

"येते नको म्हनू," त्या म्हणाल्या. "तोपन येतो म्हनूनच गेला. मग मी वाट बघत बसत्येय. जाते म्हन."

आमच्यात घरातून निघताना कुणी 'जाते' म्हणत नाही. लहान पोर चुकून म्हणालं तरी त्याच्या तोंडावर हात ठेवतात. दादा रिक्षातून म्हणाला, "काकू, असं कसं..." त्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.

"म्हन, उजे. एकानं तरी मला खरं सांगून जावं."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांचे डोळे कोरडे होते.

"जाते," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, आणि मी वळायच्या आधी दार लावून घेतलं.